मुकी पाठ, बोलकं तोंड

पत्त्याला दोन अंगं असतात आणि दोघांची कामं एकमेकांच्या उलट. पाठीनं काही म्हणजे काहीच सांगायचं नाही. तोंडानं, एकदा उलटलं की, सगळं खरं सांगायचं. बदाम सात असो की रमी, टेबलाभोवतीचा सगळा विश्वास या दोन गोष्टींवर उभा असतो. कोपरा दुमडलेला एक्का जोडात असला की डाव मोडतो, हे आपल्याला मे महिन्याच्या सुट्टीत किंवा गणपतीच्या जागरणात कुणी न शिकवता कळलेलं असतं. अशा वस्तूच्या तोंडावर कुणी ब्रशनं नवं चित्र रंगवलं आणि तेच कार्ड घेऊन बक्षिसाच्या स्पर्धेत खेळायला उतरलं, तर काय होतं? पुढच्या पानांत जी कार्डं आहेत आणि ती रंगवणाऱ्यांचं, खेळणाऱ्यांचं, तपासणाऱ्यांचं जे बोलणं आहे, ते सगळं या प्रश्नाभोवती जमलेलं आहे.

खेळ आहे ‘मॅजिक: द गॅदरिंग’. रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकन गणितज्ञानं तो रचला आणि ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या तेव्हा अगदी लहान असलेल्या कंपनीनं १९९३च्या ऑगस्टमध्ये बाजारात आणला. दोन जादूगार समोरासमोर बसतात. जमिनीच्या कार्डांतून शक्ती काढतात, खेळाच्या भाषेत ‘माना’. ती खर्चून मंत्र टाकतात, प्राणी उभे करतात. समोरच्याचे वीस प्राण शून्यावर आले की डाव संपला. एवढं माहीत असलं तरी पुढचं वाचायला पुरे.

मात्र आपल्या पत्त्यांच्या आणि या खेळाच्या स्वभावात मूळचाच एक फरक आहे, तो आधी सांगायला हवा. रमीत किंवा ब्रिजमध्ये जोड सगळ्यांचा मिळून एकच असतो. मॅजिकमध्ये प्रत्येक भिडू आपला जोड घरून बांधून आणतो. स्पर्धेच्या नेहमीच्या प्रकारांत किमान साठ कार्डं, आणि मूळ जमिनी सोडल्या तर एका नावाची चारच्या वर नाहीत. आजवर छापलेल्या हजारो वेगवेगळ्या कार्डांतून ही साठ निवडायची. म्हणजे जोडात खेळणाऱ्याचा स्वभाव उतरलेला असतो, कित्येकदा काही वर्षांची बचतही. जी वस्तू इतकी आपली, तिच्यावर आपली काही खूण असावी असं वाटणं साहजिक आहे. आणि जी वस्तू समोरच्यानं घरून आणली आहे, ती जरा निरखून घ्यावी असं वाटणं हेही तितकंच साहजिक. रंगवलेल्या कार्डाची गोष्ट या दोघांच्या ओढाताणीत घडते.

चित्रं या खेळाला नंतर चिकटवलेली नाहीत. पहिल्याच छपाईपासून प्रत्येक कार्डाच्या तळाशी चित्रकाराचं नाव बारीक अक्षरांत छापलेलं आहे आणि खेळणारे ते वाचतात. ‘ब्लॅक लोटस’ हे खेळातलं सर्वांत प्रसिद्ध कार्ड रंगवणारा ख्रिस्तोफर रश २०१६ साली गेला, तेव्हा ज्यांनी ते कार्ड कधी हातात धरलं नव्हतं त्यांनाही चुटपूट लागली. रेबेका ग्वे यांचे जलरंग, जॉन एव्हन यांची आभाळं आणि डोंगर लोक नावानं ओळखतात. मोठ्या स्पर्धांत एका बाजूला डाव रंगलेले असतात आणि दुसऱ्या बाजूला चित्रकारांच्या टेबलांपुढे रांग लागलेली असते. चित्रकार आपल्याच छापील चित्रावर सही करतो, कधी कोपऱ्यात चार रेषा ओढून एखादा पक्षी काढून देतो. छापून आलेल्या कार्डावर माणसाचा हात पुन्हा फिरला तो असा, मूळ चित्रकाराच्याच हातानं.

दुसरी वाट खेळणाऱ्यांनीच काढली, आणि ती सौंदर्याच्या अगदी साध्या हट्टातून. पहिल्या छपायांनंतरच्या ‘अनलिमिटेड’ आणि ‘रिव्हाइज्ड’ या आवृत्त्यांना पांढरी चौकट होती. काळ्या चौकटीच्या कार्डांशेजारी ती फिकी वाटे. मग लोकांनी काळा मार्कर घेऊन चौकट भरायला सुरुवात केली. शाई कागदाच्या कडेत मुरते. पुढून बघितलं तर चौकट छान काळी झालेली. पण साठ कार्डांची चवड उभी धरली की कडेच्या पांढऱ्या रेघांमध्ये चार काळ्या रेघा लख्ख दिसतात. जोडात कुठे काय आहे ते पाठ न उलटता कळलं. खुणेचा पत्ता तयार करण्याचा हेतू कुणाचाच नव्हता, तरी तो तयार झाला. हातानं काम केलेल्या कार्डाचं स्पर्धेतलं सगळं दुखणं या पहिल्याच उदाहरणात आहे: काम तोंडावर केलं आणि ते पाठीला, कडेला जाऊन बोललं.

आज खेळाडू ज्याला ‘ऑल्टर’ म्हणतात ते काम त्या मार्करपासून फार लांब आलं आहे. कार्ड ६३ मिलिमीटर रुंद, ८८ मिलिमीटर उंच. चित्राला मिळते ती जेमतेम वरची अर्धी जागा. सगळ्यांत प्रचलित आणि माझ्या मते सगळ्यांत कठीण प्रकार म्हणजे मूळ चित्र चौकटीबाहेर वाढवणं. जंगल खिडकीत संपतं, तिथून पुढे फांद्या चौकटीवर न्यायच्या, नावाच्या पट्टीमागून काढायच्या, कडेपर्यंत पोचवायच्या. छापील रंग कुठे संपला आणि हातचा कुठे सुरू झाला, हे कळता कामा नये. त्यासाठी दुसऱ्याचा हात आपल्या हातात घ्यावा लागतो. मूळ चित्रकारानं प्रकाश कुठून घेतलाय, सावलीत निळा घातलाय की तपकिरी, त्याची रेघ सुटी आहे की ओढलेली, हे आधी समजून घ्यायचं. जुन्या मंदिरातलं भित्तिचित्र सांधणाऱ्याची ही शिस्त आहे, फक्त काडेपेटीहून थोड्या मोठ्या जागेत.

साधनं साधी असतात. ॲक्रिलिक रंग, मोजक्या केसांचे ब्रश, भिंग, दिवा. कार्डाच्या पृष्ठावर गुळगुळीत लेप असतो. त्यावर रंग धरत नाही म्हणून खोडरबरानं तो हलके घासून काढतात, किंवा कापसाच्या बोळ्यावर अल्कोहोल घेऊन छापील शाई उतरवतात. इथे हात जड पडला की संपलं. कार्ड म्हणजे दोन थरांच्या मध्ये गडद निळसर थर घालून बनवलेला कागद आहे, उजेडाला धरलं तरी आरपार दिसू नये म्हणून. त्याची जाडी सुमारे ०.३ मिलिमीटर. खरवड खोल गेली तर कार्ड तिथे मऊ पडतं. रंगात पाणी जास्त झालं तर ते पापडासारखं वळतं. रंगाचा थर जाड झाला तर बोटाला उंचवटा लागतो. म्हणून पातळ रंग, एकावर एक, मधे वाळू देत. शेवटचा थर वाळला असं वाटल्यावरही घाई करायची नाही, कारण पुरता न मुरलेला ॲक्रिलिक प्लॅस्टिकच्या स्लीव्हला, म्हणजे कार्ड ज्यात घालून खेळतात त्या खोळीला, चिकटतो आणि कार्ड बाहेर काढताना आकाशाचा तुकडा स्लीव्हबरोबर निघून येतो. जड पुस्तकांखाली दाबून ठेवणं हा शेवटचा संस्कार. इतकं करून जे हातात येतं ते छापील कार्डाइतकंच सपाट, तितकंच लवचीक हवं. कॅनव्हासवरच्या चित्राला ही अट कुणी घालत नाही. त्याला कुणी पिसत नाही.

हातानं रंगवलेले पत्ते खेळात असणं मराठी वाचकाला अगदीच अपरिचित नाही. सावंतवाडीचा गंजिफा आपल्याकडे आहे. चिंचोक्याच्या खळीनं थर चिकटवून केलेल्या गोल चकत्या, त्यावर रंग, वरून लाखेची झिलई. दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, असे बारा. मिळून १२० पत्ते. ही कला विझत चालली असताना १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी शेवटच्या पिढीतल्या एका वृद्ध चिताऱ्याकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यात पुन्हा कारागीर बसवले. मुंबईत राहिलेल्या रुडॉल्फ फॉन लायडन यांनी गंजिफ्याचा आयुष्यभर पाठपुरावा केला, संग्रह केला, पुस्तक लिहिलं. हे मी केवळ अभिमानापोटी सांगत नाही. गंजिफा समोर ठेवला की मॅजिकमधल्या नियमाचं कारण स्वच्छ दिसतं.

गंजिफ्यात सगळेच पत्ते हातचे असतात. कुठे रंग जाड, कुठे चकतीची कड किंचित वाकडी; पण असं वेगळेपण १२० पत्त्यांत पसरलेलं असल्यामुळे एकटा कुणी उठून दिसत नाही, आणि पाठी सगळ्यांच्या एका रंगात रंगवलेल्या. तोंडाकडे चितारी मोकळा आहे, पण एका मर्यादेत. मत्स्याच्या रंगात मासे त्यानं हवे तसे काढावेत, कल्ले सोनेरी करावेत, डोळे मोठे करावेत. मात्र सात मासे असतील तर ते सात मोजता आले पाहिजेत, आणि परशूचा मासा वाटता कामा नये. मॅजिकच्या जोडात गोष्ट उलटी होते. छप्पन्न कार्डं यंत्रातून आलेली, अगदी एकसारखी, आणि त्यांत चार हातची. बहुतेक वेळा रंगवून घेतात ती जोडातली सगळ्यांत लाडकी, म्हणजेच सगळ्यांत ताकदवान चार. हातचं काम कितीही सच्चं असो, इथे ते एकटं पडतं.

याची जाणीव खेळाला फार लवकर झाली, आणि तीही रंगामुळे नव्हे. ‘अल्फा’ ही १९९३ची पहिलीच छपाई बेल्जियमच्या कार्टा मुंडी या कारखान्यात झाली. तिच्या कार्डांचे कोपरे त्यानंतरच्या ‘बेटा’ छपाईपेक्षा जास्त गोल कापले गेले. दोन्ही अस्सल, दोन्ही कंपनीचीच. तरी अल्फाची चार कार्डं बाकीच्यांत मिसळली की पाठीकडूनच ओळखू येतात. म्हणून ती वापरायची तर अपारदर्शक स्लीव्हमध्ये, नाहीतर आख्खा जोडच अल्फाचा हवा. ‘आख्खा जोडच’ ही अट वाचली की मला गंजिफा आठवतो. सगळेच वेगळे असले तर कुणीच वेगळा नाही.

आता रंगवलेल्या कार्डांचा नियम. स्पर्धेच्या नियमावलीत तो दोन-चार वाक्यांत आहे आणि माझ्या मते तो फार समंजसपणे लिहिला गेला आहे. कलात्मक बदल चालतील. मात्र त्यानं मूळ चित्र ओळखू न येण्यासारखं होऊ नये. कार्डाचं नाव आणि त्याची माना-किंमत झाकली जाऊ नये, बदलली जाऊ नये. चित्रात खेळाविषयीचा मोलाचा सल्ला लिहिलेला नसावा. चित्र कुणाचा अवमान करणारं नसावं. कार्ड खुणेचं होता कामा नये, ही अट तर सगळ्याच कार्डांना आहे. आणि शेवटचा शब्द त्या स्पर्धेच्या हेड जजचा.

यात काय नाही ते बघण्यासारखं आहे. कार्डाच्या खालच्या अर्ध्या भागात त्या कार्डाचा परिणाम सांगणारा मजकूर असतो. तो झाकू नका, असं नियम म्हणत नाही. पहिल्यांदा वाचताना हे चुकल्यासारखं वाटतं. कार्डाचा अर्थच तर तिथे लिहिलेला! पण खेळात छापील मजकूर अखेरचा मानला जातच नाही. प्रत्येक कार्डाचं अधिकृत, वेळोवेळी दुरुस्त होणारं शब्दांकन कंपनीकडे वेगळं नोंदलेलं असतं आणि कुणीही भिडू जजला बोलावून ते विचारू शकतो. जपानी किंवा जर्मन भाषेत छापलेली कार्डं स्पर्धेत चालतात ती यामुळेच. मजकुरापर्यंत पोचायला नाव हीच किल्ली. नाव शाबूत, किंमत शाबूत, तर बाकीचा कागद चित्रकाराला दिला. मला हा उदारपणा मनापासून आवडतो.

सल्ल्याची अटही हौसेनं घातलेली नाही. डाव चालू असताना बाहेरच्या टिपणांकडे बघायला मनाई असते. झाडाच्या सालीवर बारीक अक्षरांत कुणी ‘हे आधी टाकू नकोस’ असं लिहून आणलं तर ते चित्र राहिलं नाही, चिठ्ठी झाली.

ओळखू येण्याची अट मात्र थांबून समजून घ्यावी लागते. सराईत खेळाडू टेबलापलीकडचं कार्ड वाचत नाही. ते त्याच्याकडून उलटं असतं, हाताच्या अंतरावर असतं, दिव्याची तिरीप स्लीव्हवर पडलेली असते. तरी कार्ड टेबलाला टेकण्याआधी त्याला ते काय आहे ते कळलेलं असतं, कारण तो चित्र ओळखतो. आपण देवनागरी वाचताना काना, मात्रा, वेलांटी सुटी सुटी कुठे वाचतो? शिरोरेषेखाली लटकणारा शब्दाचा आकार डोळा एकदम उचलतो. मॅजिकच्या खेळाडूला चित्र हा तसा शब्द आहे. ‘ब्रेनस्टॉर्म’ची आकृती, ‘फोर्स ऑफ विल’मधला निळा झोत, ‘स्नॅपकास्टर मेज’चा अंगरखा. स्नॅपकास्टरवर तर एका खऱ्याखुऱ्या विजेत्या खेळाडूचा, तियागो चानचा चेहरा आहे. या आकृती बदलल्या की समोरचा अडखळतो. तो प्रत्येक वेळी मान वाकवून नाव वाचू लागतो. त्याचा वेळ जातो, लक्ष जातं, आणि एखाद्या वेळी टेबलावर काय आहे ते विसरून तो चुकीची चाल करतो. रंगवणाऱ्याला तसं काही करायचं नव्हतं. तरी समोरच्याचं नुकसान खरंच झालं. नियम बघतो ते या नुकसानीकडे.

पण ओळखू येणं म्हणजे नेमकं किती? इथे मापपट्टी नाही. आणि ती नसावीच, असं मला पुष्कळ विचाराअंती वाटतं. हेड जज स्पर्धा सुरू होण्याआधी कार्ड हातात घेतो. बाकीच्या कार्डांबरोबर पालथं ठेवतो, चवडीच्या कडा बघतो, अंगठ्यानं जोड वाकवून सोडतो आणि तो कुठे अडतो का ते बघतो. मग उलटतो. हातभर लांब धरतो, उलटं धरतो. हे कार्ड कुठलं, असं स्वतःला विचारतो. त्याला उत्तर किती लवकर आलं, हाच निकष. त्यामुळे शनिवारी एका स्पर्धेत चाललेलं कार्ड रविवारी दुसऱ्या हेड जजला पटलं नाही असं होऊ शकतं, आणि त्यात अन्याय झाला असं मला वाटत नाही. रंगवलेलं कार्ड घेऊन येणाऱ्या जाणत्या खेळाडूच्या पिशवीत त्याच नावाचं साधं कार्डही असतं. ज्याच्याजवळ नसतं त्याला ऐनवेळी कुणाकडून उसनं मागत हिंडावं लागतं. जजनं बदली कार्ड तात्पुरतं लिहून द्यावं ही सोय मुख्यतः स्पर्धेच्या ओघात खराब झालेल्या कार्डासाठी असते. हौसेनं रंगवून आणलेल्याला ती मिळत नाही. खुणेचं कार्ड सापडलं तर एरवी समज देऊन भागतं, पण नेमकी कामाचीच कार्डं वेगळी लागत असतील, त्यात काही ठरावीक धागा दिसत असेल, तर आख्खा डाव हातचा जातो.

रंगाखालचं कार्ड अस्सल असलंच पाहिजे, हा आणखी एक मुद्दा. स्वस्त कार्डावर महागड्या कार्डाचं चित्र, नाव, किंमत सगळं रंगवलं तर ती कितीही सुंदर झाली तरी नक्कल आहे, आणि नाव-किंमत बदलायची नाही हा नियम तिला तिथेच अडवतो. पण अस्सलपणाची रेघ कधी कधी आपल्याला दुखेल अशा जागी पडते. कंपनी चित्रकारांना त्यांच्या कार्डांच्या काही प्रती देते, त्यांची पाठ कोरी पांढरी असते. त्या पाठीवर चित्रकार पेन्सिलीनं, शाईनं स्वतंत्र चित्रं काढून देतात. मूळ चित्रकार, मूळ कार्ड, त्याचाच हात. यापेक्षा अस्सल काय असणार? तरी ते स्पर्धेत चालत नाही. पाठ मुकी नाही ना. १९९३मध्येच निघालेल्या संग्राहक आवृत्तीची कार्डंही अशीच बाहेर राहिली, कारण त्यांचे कोपरे चौकोनी आणि पाठ वेगळी. खेळाला वस्तूची किंमत कळत नाही असं नाही. त्याला तिचा फक्त एक गुण हवा असतो: पालथी पडल्यावर ती इतरांसारखी दिसली पाहिजे.

छापील चित्रावर दुसऱ्यानं रंगवणं कायद्याला मान्य आहे का, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. अमेरिकेत याच्या अगदी जवळचे दोन खटले झाले, तेही एकाच कंपनीविरुद्ध. अल्बुकर्की ए. आर. टी. ही कंपनी विकत घेतलेल्या पुस्तकांतली, शुभेच्छापत्रांवरची चित्रं काढून सिरॅमिकच्या फरशांवर चिकटवून विकत असे. पॅट्रिक नेगेल यांच्या चित्रांबाबत १९८८ साली नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयानं सांगितलं, ही मूळ कृतीवरून साधलेली नवी कृती आहे, परवानगी हवी होती. ॲनी ली यांच्या चित्रांबाबत १९९७ साली सातव्या सर्किटनं नेमकं उलट सांगितलं: विकत घेतलेली वस्तू फरशीवर चिकटवली म्हणून ती नवी कृती होत नाही. विझर्ड्स कंपनी वॉशिंग्टन राज्यातल्या रेंटनची, म्हणजे नवव्या सर्किटच्या हद्दीतली. फरशीवर चिकटवण्यापेक्षा वरून रंगवणं हे चित्रात कितीतरी जास्त शिरणं आहे, हेही विसरता येत नाही. स्पर्धेची नियमावली सांगते ते एवढंच, की असं कार्ड खेळता येईल. ते विकण्याविषयी तिथे बोलणं नाही. रंगवणाऱ्यांनी मूळ चित्रकाराचं तळाशी छापलेलं नाव झाकू नये, असं मला मात्र वाटतं. नियम ते मागत नाही. या पानांतले बरेच जण आपणहून ते मोकळं ठेवतात, आणि त्यांच्या कामाकडे मी अधिक आदरानं बघतो.

अवमानाची अट वाचताना भारतीय वाचकाला एक गोष्ट जवळून लागेल. २०२०च्या जूनमध्ये कंपनीनं आपलीच सात जुनी कार्डं वांशिक अवमानाच्या कारणानं अधिकृत स्पर्धांतून काढून टाकली आणि आपल्या संग्रहातून त्यांची चित्रंही हटवली. त्यातलं एक १९९४चं ‘प्रदेश जिप्सीज’. आपला रोजचा शब्द, भटक्यांसाठीच्या हिणकस शब्दाला जोडलेला. त्याआधी २०१६मध्ये भारतीय वातावरणावर बेतलेली ‘कलादेश’ नावाची एक आख्खी दुनिया खेळात आली. आपल्या कानाला त्यात ‘कला’ही ऐकू येते आणि ‘काळा’ही. २०२४मध्ये तिचं नाव बदलून ‘अविष्कार’ करण्यात आलं. रंगवणाऱ्याला घातलेली मर्यादा छापणाऱ्यालाही लागू झाली, तीस वर्षांत हळूहळू का होईना.

ही हातची कला आता कुणासाठी उरली आहे, अशीही शंका लोक काढतात. २०१९पासून कंपनी स्वतःच बिनचौकटीची, कडेपर्यंत चित्र गेलेली, निराळ्या शैलींतली कार्डं छापू लागली. ‘सीक्रेट लेअर’ नावानं खास संच काढू लागली. हौशी लोक ब्रशनं जे करत होते ते यंत्रातून, झिलईसकट मिळू लागलं. काही जणांचं काम त्यानं कमी झालं असेलही. पण त्याच सुमारास शंभर कार्डांचा ‘कमांडर’ हा प्रकार घरोघरी पसरला. त्यात एक नायक-कार्ड डाव सुरू होण्याआधीपासून सगळ्यांपुढे उताणं मांडलेलं असतं. ज्याला लपायचंच नाही त्या कार्डावर रंगवणाऱ्यांचा जीव जडला यात नवल नाही. शिवाय ते डाव बहुतेक मित्रांत होतात. तिथे नियम टेबलावरचे लोक मिळून ठरवतात. माझा जीव तरी स्पर्धेतल्या कार्डावर आहे. अनोळखी माणसासमोर, बक्षीस पणाला लागलेलं असताना, जे चित्र चालतं त्याला मी पूर्ण उतरलेलं काम मानतो.

माझ्याजवळ असं एकच कार्ड आहे. ‘आयलंड’, पाच मूळ जमिनींपैकी सगळ्यात साधं. एका मैत्रिणीनं त्यावर मालवणच्या किनाऱ्यावरून दिसणारा सिंधुदुर्ग काढून दिला. तटाची लांब रेघ, पुढे खडक, भरतीचं पाणी. मूळ चित्रात किल्ला नव्हता. मूळ जमिनींना मोजण्यासारखी माना-किंमत नसते, त्यामुळे तो प्रश्न मिटला; पण मूळ चित्र ओळखू येतं का, असं विचारलं तर मला प्रामाणिकपणे हो म्हणता येत नव्हतं. एका दुकानातल्या छोट्या स्पर्धेत मी ते हेड जजपुढे धरलं. आयलंडची आजवर शेकड्यांनी वेगवेगळी अधिकृत चित्रं आली आहेत, त्यामुळे एकच ओळखीची आकृती अशी तिला नाहीच. त्यानं कार्ड उलटं धरलं, लांब धरलं. निळं पाणी, मधे जमीन, वर स्वच्छ छापलेलं नाव. मग पालथं करून जोडात घातलं, चवड वाकवून सोडली, पुन्हा एकदा सोडली, आणि जोड माझ्या हातात दिला. काही बोलला नाही.

समोरच्या भिडूनं रिवाजाप्रमाणे माझा जोड पिसायला घेतला. मोठ्या स्पर्धांत तर एकमेकांचा जोड पिसणं सक्तीचंच असतं. त्याची बोटं सराईत होती. स्लीव्ह एकमेकांत सरकताना पावसाच्या बारीक सरीसारखा आवाज येत होता. साठांत कुठेतरी सिंधुदुर्ग होता. मी त्याच्या अंगठ्याकडे बघत होतो. तो कुठेच अडला नाही. त्यानं चवड सारखी केली, माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाला, “उतारी तुमची.”